गाठोडं व छत्री यांबाबत खुलासा

१८ जून

आदरणीय थिएन-सोंग दादांना शुई-मूचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे आता कसे आहेत? वहिनींनी नवे दात बसवून घेतल्याचं कळलं. ते चावतात की नुसते दिसतात, हे सवडीने कळवावं, कारण मलाही खालचे बसवायचे आहेत. माझी प्रकृती ठीक आहे. जेवतो, झोपतो. (दोन्ही गोष्टी वहिनी विचारतीलच, म्हणून आधीच लिहिल्या.) आपल्या बहिणीच्या, जिन-जूच्या फोटोपुढे सकाळी भाताची वाटी ठेवतो. सुतकाचे शंभर दिवस पुरे व्हायला अजून पंचेचाळीस दिवस आहेत.

आपलं पोस्टकार्ड काल मिळालं. त्यावर दोनच ओळी होत्या: ‘गाठोडं आणि छत्री. ऐकलं ते खरं का?’ खाली सही नव्हती, पण कार्डाच्या मागच्या बाजूला अक्षरं उठतील इतका जोर देऊन लिहिणारा माणूस आपल्या नात्यात एकच आहे. कार्ड उघडं असल्यामुळे ते माझ्याआधी पोस्टमनने वाचलं, आणि पोस्टमन जिथे थांबून उसाचा रस पितो त्या दुकानानेही वाचलं असा मला संशय आहे. (कार्ड देताना पोस्टमनने माझ्या खांद्यावर थोपटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.) तेव्हा खुलासा करणं भाग आहे. मी चौतीस वर्षं नोंदणी कचेरीत लोकांचे जन्म, मृत्यू आणि बदललेले पत्ते लिहिले. खुलासा क्रमाने लिहिला नाही तर मला तो खोटा वाटू लागतो. पत्र लांबेल. रागावू नये.

सुरुवात अंत्यविधीच्या दिवसापासून करतो. आपण तिच्या शवपेटीच्या उजव्या अंगाला उभे होतात. पुरोहिताने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ओलांडणार का?” ज्या विधुराच्या मनात पुन्हा लग्न करायचं असतं, त्याने पाठीला गाठोडं लावून, हातात छत्री घेऊन बायकोची पेटी ओलांडायची. हा कुठल्या तरी लांबच्या गावी निघाला, असं तिला वाटतं आणि ती मागे येत नाही. (आपल्याला हे ठाऊक आहे, पण खुलाशात सगळं लिहावं लागतं.) पुरोहित गाठोडं तयार बांधून घेऊन आला होता. आत काय आहे असं मी विचारलं, तर म्हणाला, जुनी वर्तमानपत्रं. मी ‘नाही ओलांडणार’ म्हटलं. आपण ते ऐकलंत, कारण त्याच वेळी आपण घसा खाकरलात. ते खाकरणं पसंतीचं होतं की अविश्वासाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता छत्री कुठून आली ते सांगायचं, तर निवडणुकीपर्यंत मागे जावं लागेल. विषय आपल्याला आवडणार नाही, तरी वाचावं. नव्या राष्ट्राध्यक्षांसाठी जिन-जूने चौदा महिने पत्रकांच्या घड्या घातल्या. मी मदत केली नाही. मी म्हणायचो, उमेदवार म्हणजे पत्ता बदलण्याच्या अर्जासारखा असतो, जुना पत्ता नेहमी खोडलेला. ती म्हणायची, तुम्हाला पावसाचासुद्धा दाखला लागतो. प्रचारफेरीत ती ‘निवडून आणा’ अशी घोषणा द्यायची, आपल्या घरच्या बोलीत. तीच घोषणा सरकारी भाषेत ऐकली तर ‘गोठलेला लसूण’ अशी ऐकू येते, हे शाळेतली पोरंसुद्धा जाणतात. पण हिने मतदानाच्या आदल्या दिवशी खरोखरच लसणाचा एक गड्डा बर्फाच्या कप्प्यात ठेवला. शकुन म्हणून. माणूस निवडून आला. त्यात लसणाचा वाटा किती, हे ती मला आठवडाभर ऐकवत होती.

तिचं मागणं एकच होतं. आमच्या इथे इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो बस-थांबा आहे, तिथे जमिनीत रोवलेला एक खांब आणि त्यावर वेळापत्रक, एवढंच आहे. ना छप्पर, ना बाक. सकाळी नवाची बस धरायला म्हातारी माणसं आठपासून उन्हात उभी असतात. त्यातले काही जण आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला जातात. प्रचाराची गाडी त्या थांब्यावरून गेली, तेव्हा जिन-जूने ती अडवली आणि उमेदवाराला खांब दाखवला. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून सांगितलं, “काकू, निवडून आलो की मला पत्र लिहा.” मी दहा पावलांवर उभा होतो. असे खांब वाटेत किती लागले असतील आणि तितक्या काकूंचे हात कसे धरले असतील, याचाच मी विचार करत होतो.

मार्चमध्ये तिने पत्र लिहिलं. शपथविधीच्या दिवशी ते त्यांच्या टेबलावर हवं, असा हिशेब होता. माझं अक्षर सरकारी म्हणून नक्कल मला करायला लावली. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी तिलाही सांगितली नाही. तिचं पत्र संपलं, तिथे मला ते फार रोखठोक वाटलं. म्हणून मी शेवटी माझ्या मनाने एक ओळ घातली: ‘स्थानिक नागरिक या कामी यथाशक्ती हातभार लावण्यास तयार आहेत.’ कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली आम्ही ही ओळ घालायचो. चौतीस वर्षांत त्या ओळीने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, कारण ती कोणी वाचत नसे.

एप्रिलमध्ये ती गेली. ते आपण पाहिलंच आहे.

वीस मेला शपथविधी झाला. मी टीव्ही लावला तो भाषण ऐकायला नव्हे, थांब्याचा उल्लेख येत नाही हे पाहायला. तो आला नाहीच. पण प्रत्येक नागरिकाने आठवड्यातली एक सकाळ देशाला द्यावी, असं ते म्हणाले. मला वाटलं, चला, हा तर उलट आपल्याकडेच मागतोय. आणि आठच दिवसांत आमच्या वॉर्डप्रमुख त्साओने ‘सकाळ सेवा पथक’ उभं केलं. हा त्साओ जानेवारीपर्यंत हरलेल्या उमेदवाराचा झेंडा घेऊन फिरत होता. (आपल्याच उमेदवाराचा, दादा. राग नसावा.) आता त्याचा उत्साह पाहून मला शंका आली आणि पथकाचं जाकीट मिळाल्यावर ती पक्की झाली. छातीवर ‘सेवा’ असं लिहिलेलं ठिगळ आहे. जाकीट उलटं केलं की ठिगळाखालून हरलेल्या उमेदवाराचं नाव आरशातल्यासारखं दिसतं. छत्र्याही त्यांच्याच, उरलेल्या.

मी पथकात का गेलो, असं आपण विचाराल. पहिल्या यादीत जिन-जूचं नाव होतं. प्रचाराच्या वेळची यादी कोणीतरी तशीच उतरवून काढली होती. तिचा मृत्यू नोंदवला तो माझ्याच जुन्या टेबलावर, आणि वॉर्डाच्या भिंतीवर मात्र ती मंगळवारी सकाळी हजर राहणार होती. मी त्साओकडे नाव कमी करायला गेलो. तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला, “मग शुई-मू काका, तिच्या जागी तुमचं लिहू का?” आता नाव खोडून जागा रिकामी ठेवायची, की जागा भरायची? कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मी भरायला सांगितली. एवढंच. यात देशभक्ती नाही.

पथकाची खरी कामं म्हणजे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना डबे पोचवणं, त्यांची चौकशी करणं. पण मी सुतकातला माणूस, शंभर दिवस दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. पहिल्याच दिवशी एका आजींनी मला डबा घेऊन येताना पाहिलं आणि आतून कडी लावून ओरडल्या, “तिथेच ठेव, बाबा, आणि आधी तू जा!” त्साओ म्हणाला, तुम्ही उघड्यावरचं काम घ्या. उघड्यावरचं काम एकच होतं. बस येईपर्यंत थांब्यावर लोकांवर छत्री धरायची. माझा वार मंगळवार, पण बाकीच्या दिवशी ते करायला कोणी नव्हतं, म्हणून मी रोजच जाऊ लागलो.

छत्री आली ती अशी. मोठी आहे, चार माणसं मावतात. उघडली की आपल्या उमेदवाराचा चेहरा डोक्यावर पसरतो. थांब्यावर आ-थो म्हणून एक ब्याऐंशी वर्षांचे आजोबा असतात, पूर्वीचे गवंडी, तीनदा इस्पितळाला जाणाऱ्यांपैकी. त्यांनी पहिल्या दिवशी वर पाहिलं आणि म्हणाले, “मत दिलं नाही तरी सावली देतो. जिंकलेला काय देतो ते बघू.”

आणि गाठोडं जिन-जूचं. ती आठवड्यातून दोनदा थांब्यावर जायची, हे मला ठाऊक होतं. तिथे काय करायची, ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी आ-थो आजोबांनी विचारलं, “गाठोडं कुठाय?” मी घरी येऊन शोधलं. फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं गाठोडं तांदळाच्या डब्यामागे होतं. आत तिने थांब्याबद्दल केलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती होत्या, एक वही होती आणि खारवलेल्या वाळक्या आलुबुखारांची बरणी होती. उन्हात उभं राहून मळमळायला लागलं की ती प्रत्येकाला एकेक द्यायची. वहीत कोणाला कोणत्या दिवशी जायचं आणि कोण आलं नाही तर कोणाला फोन करायचा, असं सगळं लिहिलं होतं. एका पानावर ‘शुई-मूला सांगायचं नाही, तो दाखला मागेल’ अशी ओळ होती. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही. मी रोज त्यावर विचार करतो.

तर मी गाठोडं पाठीला लावलं, कारण एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बरणी, आणि थांब्यावर जाऊन उभा राहिलो. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण समोर श्ये मावशींचं पत्र्याचं आणि खिळ्यांचं दुकान आहे. त्यांनी शटर अर्धं वर केलं, मला पाहिलं आणि शटर तिथेच धरून उभ्या राहिल्या.

“शुई-मू भाऊ,” त्या रस्त्यापलीकडून म्हणाल्या, “पेटी जाऊन सहा आठवडे झाले. आता काय ओलांडताय?”

“बस ओलांडेल,” आ-थो आजोबा म्हणाले. “उशिरा सुचलं त्याला.”

लोक हसले. मला अर्थ कळायला पुढची बस यावी लागली. तोवर शटर पूर्ण वर गेलं होतं आणि बातमी खिळ्यांबरोबर विकली जात होती. श्ये मावशींची मामेसासू आपल्याच गावी, लुगांगला असते, हे आपल्याला माहीत नसेल तर आता कळलं असेल.

त्यानंतर फांग बाई आल्या. त्या विधवा आहेत, शेवयांचं दुकान चालवत होत्या, आता मुलाकडे दिलंय. रोज आठला छत्रीखाली येऊन उभ्या राहायच्या, पण बसमध्ये चढायच्या नाहीत. मी विचारलं, “कुठली बस हवी?” तर म्हणाल्या, “बघू, येईल ती.” तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पेरू दिले, सोलून, मीठ लावून. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “या वयात कागदपत्रं समजणारा माणूस जवळ असावा.” दादा, मी त्या सबंध आठवड्यात छत्री शक्य तितकी त्यांच्यापासून लांब धरली. आ-थो आजोबांचं डोकं त्यामुळे उन्हात आलं. “अरे, लाज, पण बेताची,” असं ते म्हणाले. सहाव्या दिवशी फांग बाईंनी पिशवीतून एक अर्ज काढला. सुनेशी पटत नव्हतं, म्हणून त्यांना स्वतःचं नाव मुलाच्या कुटुंबनोंदीतून काढून वेगळं करायचं होतं, आणि कचेरीतली नवी मुलगी तीन वेळा अर्ज परत करत होती. पेरू त्याचे होते. मी अर्ज भरून दिला. त्यानंतर त्या थांब्यावर आल्या नाहीत. मला किंचित वाईट वाटलं, हेही खुलाशात नोंदवतो, म्हणजे बाकीचं खरं वाटेल.

इथवर गाठोडं आणि छत्री यांचा खुलासा पुरा होतो. पण मागच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही असं मी म्हणणार होतो, पण आहे.

बारा तारखेला त्साओ माझ्या दारात आला. (आत आला नाही.) दोन्ही हातांनी त्याने एक लिफाफा पुढे केला. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचं उत्तर, श्रीमती खो जिन-जू यांच्या नावे. पहिल्या ओळीत तिच्या उत्तम आरोग्याबद्दल शुभेच्छा होत्या. ती ओळ मी दोनदा वाचली आणि पुढे गेलो. पत्रावर शिक्के होते: राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ते मंत्रालयाकडे पाठवलं, मंत्रालयाने जिल्ह्याकडे, जिल्ह्याने नगर कचेरीकडे, नगर कचेरीने वॉर्डप्रमुखाकडे. सगळं तीन आठवड्यांत. मी आयुष्यभर कागद फिरताना पाहिले. कागद इतका भरभर फिरतो, तेव्हा तो कोणालाच हातात धरायचा नसतो. शेवटच्या शिक्क्याखाली त्साओने लिहिलं होतं: ‘पुढील कार्यवाहीसाठी, सकाळ सेवा पथक, बस-थांबा विभाग.’ बस-थांबा विभाग म्हणजे मी.

नगर कचेरीने जागेची परवानगी दिली आहे, नकाशाही जोडला आहे. निधी नाही. निधीची गरज का नाही, हे पत्रातच लिहिलंय: ‘अर्जदारांनी स्वतः कळवल्याप्रमाणे, स्थानिक नागरिक या कामी यथाशक्ती हातभार लावण्यास तयार आहेत.’ राष्ट्राध्यक्षांपासून त्साओपर्यंत पाच कचेऱ्यांतल्या कोणीतरी पत्रातली एकच ओळ वाचली, आणि ती माझी होती. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. काम पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत, म्हणजे दहा जुलैच्या आत उभं राहिलं नाही, तर परवानगी रद्द होऊन ती जागा जाहिरातीच्या फलकाला जाईल. फलकाची सावली रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडते. मी जाऊन पाहिलं.

मी त्साओला विचारलं, “यात तुझा काय फायदा?” तो आधी जायला वळला. मग म्हणाला, “माझी आई त्याच बसने जायची, काका. जिन-जू काकू तिला आलुबुखार द्यायच्या.” मी वही उघडली. त्याच्या आईचं नाव होतं, पुढे मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि मग रेघ. तेव्हापासून त्साओवर पूर्वीइतका संशय घेणं मला जमत नाही. प्रयत्न चालू आहे.

श्ये मावशी छपराचे पत्रे देणार आहेत. (बातमी पसरवल्याची भरपाई म्हणून असावेत, पत्रे नवे आहेत, हे तपासलं.) खांबांचा पाया आ-थो आजोबा स्टुलावर बसून सांगतील आणि पथक खोदेल. येत्या रविवारपासून सुरुवात. यातून काही उभं राहील अशी माझी अपेक्षा नाही, नव्या राजवटीकडून तर अजिबात नाही. मी फक्त कागद पुरा करतो आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना शेक द्यावा. पोस्टकार्डाऐवजी लिफाफा वापरावा.

आपला धाकटा मेहुणा,
चिएन शुई-मू

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. वर लिहिलेल्या यादीत बाक नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल. इथे कोणाला लाकूडकाम येत नाही. आपण चाळीस वर्षं देवळांच्या चौकटी कोरल्यात.

आणखी एक ता. क. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी जिन-जू माहेरी आली होती, तेव्हा जेवताना आपण तिला म्हणाला होतात, “तुझ्या त्या निवडून आलेल्या माणसाने तुमच्या थांब्यावर एक बाकडं जरी बसवून दाखवलं, तर मी नाव बदलीन.” ती सूप न पिता उठली, आणि नंतर आपलं दोघांचं बोलणं झालं नाही, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. गाडीत तिने मला विचारलं होतं, नाव बदलायचा अर्ज कसा असतो. ती हसत होती, हे मात्र आपल्याला कळायला हवं. अर्ज सोबत जोडला आहे. पण नियम पाहता असं दिसतं की, बाक दुसऱ्या कोणी केलं तर ते राष्ट्राध्यक्षांच्या काळात, त्यांच्या पत्राने बसलं, असं धरावं लागेल आणि आपण हराल. तेच बाक आपण स्वतः केलंत, तर ते त्यांनी बसवलं असं कोणीही म्हणू शकणार नाही आणि अर्ज भरण्याची गरज उरणार नाही. आपल्या नावाचा अर्थ ‘देवाने पाठवलेला’ असा आहे. ते बदलू नये असं मला वाटतं.

शेवटचं. लसणाचा गड्डा अजून कप्प्यात आहे. मी काढलेला नाही. आणि नकाशात बाक तीन जणांचं दाखवलंय, ते चार जणांचं करावं. चार म्हटलं की कानाला मरण ऐकू येतं, म्हणून आपल्याकडे चार कोणी करत नाही, हे मला ठाऊक आहे. विचारलं तर मोजण्यात चूक झाली असं मी सांगेन. मी पेटी ओलांडली नव्हती. त्यामुळे ती मागे यायची तेव्हा येईल, आणि तिला त्या थांब्यावर बसायला जागा लागेल.